पॅनमध्ये बटाटे कच्चे राहतात आणि अंडी रबरासारखी होतात, घरी भरपेट अंडा-बटाटा नाश्ता नीट कसा जमवायचा?

तुम्ही लिहिलंय की बटाटे शिजेपर्यंत अंडी पार वातड होतात आणि अर्धे बटाटे तळाला चिकटून बसतात. माझंही बरीच वर्षं हेच व्हायचं कारण मी सगळं एकदमच पॅनमध्ये टाकायचो. अंड्याचा पांढरा भाग ६०-६५ डिग्रीलाच घट्ट व्हायला लागतो, म्हणजे त्याचं काम दोन-तीन मिनिटांचं, आणि कच्च्या बटाट्याला वीस मिनिटं पण कमी पडतात. म्हणून बटाटे आधी पूर्ण करायचे, अंडी अगदी शेवटी.

दोघांसाठी मी तीन मध्यम बटाटे, चार अंडी आणि एक कांदा घेतो. बटाट्याच्या साधारण दीड सेंटीमीटरच्या फोडी करून गार पाण्यात टाकायच्या, पाण्यात मीठ घालायचं, मग गॅस लावायचा. उकळी फुटली की पाच मिनिटं. सुरीचं टोक आत जायला हवं पण फोड तुटायला नको.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. पाणी काढून टाकल्यावर फोडी चाळणीतच राहू द्या, त्यांच्यातून वाफ निघत असते ती पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका, आणि मग चाळणी दोन-तीनदा जोरात हलवा म्हणजे कडा थोड्या खरबरीत होतात, पिठासारखा पातळ थर दिसतो. तोच थर नंतर कुरकुरीत होतो. ओल्या फोडी तेलात टाकल्या तर त्या तळल्या जात नाहीत, वाफेवर शिजत राहतात आणि चिकटतात.

पॅन चांगला तापू द्या, दोन मोठे चमचे तेल, फोडी एकाच थरात. दाटीवाटी होत असेल तर दोनदा करा, खरंच. मग चार-पाच मिनिटं उलथनं बाजूला ठेवा. आवाज ऐका, सुरुवातीला मोठा चुरचुर आवाज येतो, पाणी उडालं की तो बारीक होतो, तेव्हा एक फोड उलटून बघा, खालून सोनेरी झाली असेल तर ती आपोआप सुटते. सगळ्या बाजूंनी रंग आला की मगच कांदा, आधी टाकला तर बटाटा होईपर्यंत तो जळतो. मीठ चाखून घाला, पाण्यातलं मीठ बटाट्यात गेलेलं असतं.

कांदा मऊ झाला की गॅस बारीक करून चार खळगे करा, प्रत्येकात थेंबभर तेल, अंडं आधी वाटीत फोडून मग अलगद सोडा, वरून मिरेपूड आणि झाकण. तीन मिनिटांनी बघा. पांढरा भाग धरलाय पण पिवळा अजून हलतोय अशा वेळी गॅस बंद करायचा, पॅनच्या गरमीवर बाकीचं होतं. झाकण काढताना त्याला जमलेलं पाणी बटाट्यांवर सांडू देऊ नका.

अंडी फेटून आवडत असतील तर वेगळ्या पॅनमध्ये करून वर घाला, बटाट्यांवर ओतली तर सगळी मेहनत मऊ पडते.

सकाळी घाई असेल तर फोडी रात्रीच उकडून फ्रिजमध्ये ठेवा, गार फोडी तुटत नाहीत आणि मला तर त्या जास्त कुरकुरीत लागतात. कच्चे बटाटे मात्र फ्रिजमध्ये नको, थंडीत त्यांच्या स्टार्चची साखर होते आणि मग ते आतून व्हायच्या आधीच बाहेरून काळपट पडतात. तुमचे बटाटे फ्रिजमधले असतील तर हेही एक कारण असू शकतं.