प्रश्नचिन्हं मोजून पाठव

प्रिय मुली,

प्ले थेरपीचा, म्हणजे खेळातून मुलांवर करायच्या मानसोपचाराचा, परिचय-अभ्यासक्रम सुरू झाला आणि तू पहिली मागणी केलीस ती खेळण्यांच्या यादीची. यादी पुढे येईलच. पण नवख्या विद्यार्थ्याचं अडतं ते खेळण्यांपाशी क्वचितच, बहुतेकदा जिभेपाशी. विद्यापीठात आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतात, आणि प्लेरूममध्ये नेमकी तीच सवय आड येते.

असं समज, पाच वर्षांच्या मुलाने बाहुली वाळूत पुरली. तुझ्या तोंडून पटकन निघणार, "अरे, का पुरलंस तिला?" झालं. मूल हात थांबवतं, तुझ्या चेहऱ्याकडे बघतं आणि तुला आवडेल असं उत्तर शोधू लागतं. किंवा बाहुली बाहेर काढून झटकतं, कारण "का" या शब्दाला त्याच्या कानात रागवण्याचा वास असतो. त्याऐवजी "आता ती पूर्ण वाळूखाली गेली," एवढंच म्हण आणि थांब. कदाचित ते आणखी वाळू टाकेल, कदाचित तिला शोधायला गाडी पाठवेल. पुढची चाल त्याची.

याला ट्रॅकिंग म्हणतात: मूल जे करतंय ते साध्या शब्दांत त्याला परत ऐकवणं. वाक्य शक्यतो "तू"ने सुरू कर आणि आठ-दहा शब्दांत संपव. वस्तूला नाव देऊ नकोस. तुला झाडू दिसतो, मुलाच्या हातात ते विमान असेल. "तू ते वर उचललंस" म्हटलं की दोन्ही शक्यता शाबूत राहतात. मुलाने "हे काय आहे?" विचारलं तर "इथे ते तुला हवं ते होऊ शकतं" हे उत्तर पुरतं. प्रमाण मात्र सांभाळ. फार गप्प बसलीस तर मुलाला वाटतं, आपल्यावर पाळत आहे. अखंड बोललीस तर क्रिकेटचं धावतं वर्णन होतं.

भावनेचा आरसा धरणं याहून अवघड. मूल मनोरा रचतं, तो पडतो, ते पाय आपटतं. "जाऊ दे, परत बांधू" हे सांत्वन झालं, त्यात राग गिळायला लावला जातो. "इतकं रचलंस आणि पडलं, राग आला तुला" यात राग ऐकला जातो. तुझा आवाजही त्या रागाच्या आसपास असू दे. लाडिक सुरात म्हटलेलं हेच वाक्य मुलाला खोटं वाटतं.

कौतुकाचंही तसंच. "वा, किती सुंदर चित्र!" म्हटलंस की पुढची चार चित्रं तुझ्यासाठी काढली जातील. "तू कागद अगदी कडेपर्यंत भरलास" यात मेहनत पाहिली जाते, चित्र चांगलं की वाईट हे मुलाकडेच राहतं. हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण कौतुक करणं आपल्याला दयाळूपणाचं वाटतं.

इतिहास परीक्षेपुरता वाचशीलच, पण एक वाद नीट समजून घे. 1920 च्या दशकात मनोविश्लेषक मेलनी क्लाइन मुलाच्या खेळाला मोठ्यांच्या मुक्त साहचर्याच्या (मनात येईल ते न अडवता बोलण्याच्या) जागी ठेवून त्याचा अर्थ मुलाला थेट सांगत असत. दुसऱ्या मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांच्या मते खेळाचा उपयोग आधी मुलाशी नातं जोडायला व्हावा. 1940 च्या दशकात व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्री पद्धत, म्हणजे दिशा समोरच्या माणसाला ठरवू देणारी, मुलांपर्यंत आणली आणि 1947 मध्ये आठ तत्त्वं मांडली: मुलाला आहे तसं स्वीकारणं, पुढाकार त्याच्याकडे ठेवणं, घाई न करणं, गरजेपुरत्याच मर्यादा घालणं वगैरे. पुढे 1960 च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी यांनी हीच कौशल्यं आईवडिलांना शिकवायला घेतली. आज थेरपिस्टने दिशा देण्याच्या पद्धतीही आहेत, त्या जरूर शीक. माझा आग्रह एवढाच की मुलाच्या मागे चालणं आधी जमू दे. उलट क्रमाने शिकलेल्यांना मागे राहणं फार जड जातं.

आता खेळणी. तीन गट डोळ्यांसमोर ठेव. पहिला घर-संसाराचा: चार-पाच माणसांचं बाहुली-कुटुंब, बाळ आणि दुधाची बाटली, खेळभांडी, डॉक्टरचा संच, दोन गाड्या आणि दोन खेळण्यातले फोन. फोन दोनच हवेत, एकावर मूल बोलेल आणि दुसरा कधीतरी तुझ्या हातात देईल. दुसरा गट राग-भीती बाहेर काढण्याचा: जंगली प्राणी, सैनिक, रबरी सुरी, दोरी, तोंड उघडणारी एखादी हिंस्र हातबाहुली आणि तिच्यासोबत एक गरीब स्वभावाची. तिसरा निर्मितीचा: आठ रंगांचे खडू, कोरे कागद, खेळायची माती, ठोकळे. परिचयाच्या सरावाला एवढं सगळं एका मोठ्या पिशवीत मावतं.

काय टाळायचं तेही ऐक. पडद्याची आणि बटण दाबून स्वतःच नाचणारी खेळणी नकोत, कारण त्यांत मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. नियमांचे बैठे खेळही सुरुवातीला नकोत, त्यांत जिंकणं-हरणं पुढे येतं. जे मोडलं तर तुझा जीव वरखाली होईल, ते खेळणं तर आणूच नकोस. मोडकी खेळणी काढून टाक, तुटलेले खडू चालतात. आणि प्रत्येक वस्तू दर वेळी त्याच जागी ठेव. मागच्या आठवड्यात अर्धवट सोडलेला मगर-आणि-बाळ हा खेळ मुलाला तिथूनच उचलायचा असतो. मगर सापडली नाही तर तो धागा तुटतो.

वाळूचा ट्रे मिळाला तर साधारण 75 बाय 50 सेंटिमीटरचा, 7 सेंटिमीटर खोल घे आणि निम्माच भर. आतून निळा रंग असतो, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं. काठोकाठ भरलेल्या ट्रेमध्ये पाणीही दिसत नाही आणि डोंगरही रचता येत नाही, वाळू नुसती जमिनीवर सांडते.

मर्यादांबद्दल विद्यार्थी दोन टोकांना जातात: एक तर सगळं चालू देतात, नाहीतर दाराशीच दहा नियम वाचून दाखवतात. मर्यादा वेळ आली की घाल, तीन पायऱ्यांत. मूल ब्रश घेऊन भिंतीकडे निघालं: "तुला भिंत रंगवायची आहे." मग, "भिंत रंगवण्यासाठी नाही." मग कागदाकडे बोट दाखवून, "कागद रंगवण्यासाठी आहे." पहिली पायरी गाळली की उरतो नुसता मज्जाव, तिसरी गाळली की इच्छेला वाट राहत नाही. "आपण असं करत नाही ना?" हे वाक्य तर पार बाद, कारण मूल आत्ता तेच करतंय. आवाज न चढवता दोन-तीनदा तेच सांगायची तयारी ठेव. तरीही ऐकलं नाही तर निवड स्पष्ट कर: "भिंतीवर रंग लावायचं ठरवलंस, तर आज रंग बंद असं तू ठरवलंस." आणि ते पाळ.

सत्र बहुधा 30 ते 50 मिनिटांचं, आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी ठरल्या वेळी. संपायला पाच मिनिटं असताना सांग, एक मिनिट असताना पुन्हा सांग. वेळ झाली की स्वतः उभी राहा. "अजून खेळायचं आहे तुला, पण आजची वेळ संपली" असं म्हणत दाराकडे चाल. हळवी होऊन दहा मिनिटं वाढवलीस, तर पुढच्या वेळी तुझ्या "संपली"वर कोणी विश्वास का ठेवावा? पसारा मात्र मुलाला आवरायला लावू नकोस. मांडलेला खेळ त्याच्याच हाताने मोडायला लावण्यासारखं ते होतं. ते गेल्यावर तू आवर.

मग लगेच नोंद लिही, घरी जाऊन नव्हे. कागदाला मधोमध रेघ मार: डावीकडे दिसलं ते, उजवीकडे तुला वाटलं ते. "बाहुली तीनदा जमिनीवर आपटली, मग तिच्यावर फडकं टाकलं" हे डावीकडे. "आईवरचा राग" हे उजवीकडे, आणि तेही पेन्सिलने. एका सत्रावरून अर्थ लावायची हौस प्रत्येकाला असते. तोच खेळ चार-पाच वेळा, वाढत्या तीव्रतेने परत आला तर सुपरवायझरशी, म्हणजे तुझ्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टशी, बोलायला काहीतरी आहे असं समज.

आईवडील दारातच विचारतील, "आज काय खेळला?" तपशील सांगायचे नाहीत, याची कल्पना त्यांना पहिल्या भेटीआधीच दिलेली असावी. अपवाद सुरक्षिततेचा. मारहाण, लैंगिक छळ किंवा जिवाला धोका सुचवणारं काही मूल बोललं, तर खोदून विचारू नकोस, शब्दही सुचवू नकोस. त्याचे शब्द जसेच्या तसे लिही आणि त्याच दिवशी सुपरवायझरला सांग. "हे कोणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीच देऊ नकोस.

आणि हो, परिचयाच्या अभ्यासक्रमाने कोणी थेरपिस्ट होत नाही. त्यात तू सराव करणार तो वर्गमित्रासोबत, आणि नंतर, पालकांच्या लेखी परवानगीने, ज्याच्याबद्दल कसलीही तक्रार नाही अशा मुलासोबत. त्रासात असलेलं मूल सुपरव्हिजनशिवाय घ्यायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

पहिला सराव असा कर. वर्गमित्राला पिशवीतल्या खेळण्यांशी दहा मिनिटं खेळू दे, तू बाजूला बसून ट्रॅकिंग कर, रेकॉर्डिंग चालू ठेव. नंतर फक्त तुझी वाक्यं कागदावर उतरवून काढ. प्रश्नचिन्हाला लाल गोल कर. "मस्त", "छान", "शाब्बास" यांना निळा. लाल गोल पंधराच्या पुढे गेले तरी घाबरू नकोस. त्यातले पाच निवड, प्रत्येकासमोर त्याच जागी चाललं असतं असं साधं विधान लिही आणि तो कागद मला पाठव.

तुझ्या पत्राची वाट पाहत,
एक शिक्षक