नागपुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करताना शास्त्रीय गायन शिकता येईल का?

येईल, नक्की शिक. यूजीसीने २०२२पासून एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना मुभा दिली आहे, फक्त वर्गांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. इंजिनिअरिंगची हजेरी आणि प्रॅक्टिकल्स बघता तेच अवघड जातं. म्हणून माझं मत, दुसऱ्या पदवीमागे न लागता गुरूंकडे शीक आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दे, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. त्या एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतात, म्हणजे नेमक्या सेमिस्टरच्या तोंडावर. वर्षाला एकच फॉर्म भर.

रियाज पहाटेच. उन्हाळ्यात नागपुरात आठ वाजले की खोलीत बसवत नाही, आणि कूलर लावला तर तानपुराच ऐकू येत नाही.

दोन्ही विषय एकमेकांना धरून चालतात, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पायथनमध्ये तीनतालाचा, म्हणजे १६ मात्रांच्या तालाचा, ठेका लिहिला होता. शून्यापासून मात्रा मोजायच्या, १६ने भागायचं. बाकी शून्य आली की सम (आवर्तनाची पहिली मात्रा), आठ आली की खाली (टाळीऐवजी हात मोकळा टाकायची मात्रा). त्या रात्री मॉड्युलो, म्हणजे हे बाकी काढणं, जो डोक्यात बसला, तो कायमचा. (तानपुऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून एफएफटी (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) काढून बघ, एका तारेत किती स्वर दडलेत ते दिसतं.)

देशपांडे सभागृहात मैफल असली की मात्र लॅब जर्नल आदल्या दिवशीच पूर्ण कर.