लाइव्ह मायग्रेशन: थेट, जिवंत की विनाथांबा?

प्रश्न असा आलाय: सर्व्हरच्या प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी करताना 'लाइव्ह मायग्रेशन'ला, म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याला, 'थेट स्थलांतर' लिहिलं. सहकाऱ्याने ते खोडून 'जिवंत स्थलांतर' केलं. बरोबर कोणतं? आणि कंटेनरसाठीही (एखादा प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासह बांधलेली पेटी) तोच शब्द चालेल का?

'थेट' आला टीव्हीवरून. 'थेट प्रक्षेपण' रुळलं, तेव्हापासून लाइव्ह दिसलं की हात आपोआप थेट लिहितो. पण थेट म्हणजे वाटेत कुठे न वळता, परस्पर. तसं तर बंद केलेलं मशीनही थेट नेता येतं. चालू असतानाच नेलं, हा सगळ्या खटाटोपाचा मुद्दाच त्यात हरवतो.

'जिवंत' तसा बरा. निर्जीव गोष्टींना आपण तो बिनदिक्कत लावतो: जिवंत झरा, जिवंत काडतूस, गणपतीतले जिवंत देखावे. पण इथे जिवंत आहे ते मशीन, स्थलांतर नव्हे. 'चालू स्थलांतर'चीही तीच गत. चालू वर्ष, चालू खातं यांच्या सवयीने लोक ते 'सध्या सुरू असलेलं स्थलांतर' असं वाचतील.

प्रत्यक्षात होतं काय? मशीन काम करत असतानाच त्याची मेमरी पानापानाने (पान म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा) दुसऱ्या सर्व्हरवर उतरवली जाते. तेवढ्या वेळात काही पानं बदलतात, ती पुन्हा पाठवायची. मग पुन्हा बदललेली पुन्हा. दर फेरीला ढीग कमी होत जातो, आणि अगदी थोडी पानं उरली की मशीन क्षणभर थांबवून तीही नेतात आणि मशीन तिकडे जागं करतात. २००५ साली झेन या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या प्रयोगात क्वेक ३ या खेळाचा सर्व्हर खेळ चालू असताना हलवला, तेव्हा हा क्षण ६० मिलिसेकंदांचा भरला. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारच्या खिडकीत पिंग (मशीन उत्तर देतंय का, हे सतत विचारणारी आज्ञा) लावून बसलो होतो. एक ओळ चुकली, बस्स.

म्हणून माझं मत 'विनाथांबा स्थलांतर'ला. एसटीच्या पाटीमुळे शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. थोडा थांबा असतोच, कबूल. पण विनाथांबा गाडीही टोलनाक्यावर थांबतेच की. उतारूला उतरावं लागत नाही, हे महत्त्वाचं. हे झालं मथळ्यापुरतं. वाक्यात सरळ 'चालू व्हीएम हलवणे' लिहा, ऑफिसातही "ते व्हीएम त्या होस्टवर हलव" असंच म्हणतात (होस्ट म्हणजे व्हीएम ज्यावर चालतं तो सर्व्हर).

कंटेनरला मात्र हा शब्द सरसकट लावू नका. कुबरनेटीज या कंटेनर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोड, म्हणजे एखादा सर्व्हर, रिकामा करताना त्यावरचा पॉड, म्हणजे एकत्र चालणारा कंटेनरांचा गट, हलत नाही. जुन्याला आवरायला सांगतात, एरवी ३० सेकंदांची मुदत देतात, मग मारतात. त्याच इमेजवरून (कंटेनरच्या तयार नमुन्यावरून) नवा पॉड दुसरीकडे उभा राहतो, कोऱ्या मेमरीने. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बदली. पण सरकारी खात्यातली बदली नव्हे. तिथे तोच कारकून बिऱ्हाड घेऊन नाशिकहून गडचिरोलीला जातो, म्हणजे ते खरं स्थलांतरच. मी म्हणतोय ती मुंबईच्या गिरण्यांतली बदली. कायम कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, 'बदली कामगार' उभा करायचे. साचा तोच, काम तेच, माणूस दुसरा.

चालता कंटेनर खरोखरच न्यायचा तर क्रियू हे लिनक्सवरचं साधन आहे. २०११ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प प्रक्रिया (चालू प्रोग्राम) गोठवून तिची मेमरी आणि उघड्या फायलींच्या नोंदी डिस्कवर उतरवतो, आणि दुसरीकडे त्यांतून तीच प्रक्रिया पुन्हा उठवतो. इथे 'परकायाप्रवेश' म्हणायचा मोह होतो. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात शिरले, तेव्हा त्यांचं स्वतःचं शरीर मागे सांभाळून ठेवलं होतं. व्हीएम हलवतानाही जुनी प्रत शेवटच्या क्षणापर्यंत शाबूत असते, मधेच नेटवर्क तुटलं तर काम तिथेच चालू राहतं. पुस्तिकेत मात्र हा शब्द नको. रात्री दोन वाजता पडद्यावर 'परकायाप्रवेश अयशस्वी' असं वाचायची माझी तरी तयारी नाही.