मामेभाऊ, आजोळ आणि 'कझिन ब्रदर'

धनकवडीच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : "मी नर्स आहे, परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. तोंडी परीक्षेच्या सरावात लहानपणाबद्दल बोलायचं होतं. मी मामेभावाला 'कझिन ब्रदर' म्हटलं, तर सरांनी चूक काढली. पण नुसतं 'कझिन' म्हटलं तर तो मामाचा मुलगा हे कळणार कसं? आणि 'आजोळ'ला इंग्रजीत काय म्हणू?"

ताई, सरांचं बरोबर आहे. पण तुम्ही 'ब्रदर' का जोडलंत तेही मला अगदी कळतं. मराठीत मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ हे चौघे मुळात भाऊच. कुठल्या बाजूचा, एवढंच आधीचं पद सांगतं. राखी त्यालाही बांधतात, भाऊबीजेला तोही येतो. इंग्रजीत मात्र 'कझिन' हा 'ब्रदर'चा प्रकार नाही, ते वेगळंच नातं आहे. त्यामुळे 'कझिन ब्रदर' आपल्याकडे सर्रास चालत असलं, तरी इंग्लंडमधल्या माणसाच्या कानाला ते खटकतं. मुलगा की मुलगी हे पुढच्या वाक्यातल्या 'ही' किंवा 'शी'वरून आपोआप कळतं. 'माय कझिन लिव्ह्ज इन सातारा. ही इज अ टीचर.' झालं.

आता मामाचा की आत्याचा? बहुतेक वेळा तिकडच्या ऐकणाऱ्याला ते जाणून घ्यायचंच नसतं. सांगावंसं वाटलं तर 'अ कझिन ऑन माय मदर्स साइड' म्हणा. नेमकं मामाच सांगायचा असेल तर 'माय मदर्स ब्रदर्स सन' म्हणा, ते अवघडलेलं वाटलं तरी चूक नाही.

इंग्रजीत नात्यांचे शब्दच नाहीत, असं आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. ते मला पटत नाही, कारण हे शब्द तिथे होते. जुन्या इंग्रजीत मामाला आणि काकाला वेगवेगळे शब्द होते, मावशीला आणि आत्यालाही. 1066 नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच आली आणि पुढे 'अंकल', 'आंट', 'कझिन' हे शब्द त्या वाटेने इंग्रजीत रुजले. खरी गंमत त्यांच्या लॅटिन मुळांत आहे. 'अंकल' ज्या 'अवुंकुलुस'पासून आला त्याचा अर्थ फक्त मामा. काकाला लॅटिनमध्ये 'पात्रुउस' होता. 'आंट'चं मूळ 'अमिता', म्हणजे चक्क आत्या. आणि 'कझिन'चं मूळ 'कोन्सोब्रिनुस', म्हणजे आधी मावसभाऊ! त्यात बहिणीसाठीचा शब्द दडलेला आहे. म्हणजे आज इंग्रज माणूस काकाला हाक मारतो ती मामाच्या नावाने. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कोश मिटून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आपल्याकडे हे भेद टिकले, कारण त्यांच्यावाचून चालण्यासारखं नव्हतं. इथल्याच डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नातेसंबंधांवरचा आपला ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध केला. नात्यांचे शब्द आणि लग्नाचे नियम एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते त्यात दिसतं. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत बहिणीशी मुळीच नाही. तिथे दोघींना एकच शब्द कसा पुरेल?

एक खड्डा मात्र टाळा. 'भावंडं' म्हणताना आपण चुलत-मामे सगळी धरतो. परीक्षकाने 'डू यू हॅव एनी ब्रदर्स ऑर सिस्टर्स?' विचारलं तर मोजायची फक्त सख्खी. 'सख्खा'साठी 'रिअल ब्रदर' किंवा 'ओन ब्रदर' नको. तिकडे 'ब्रदर' म्हणजे सख्खाच धरतात. याउलट 'सावत्र' म्हणताना इंग्रजी आपल्यापेक्षा काटेकोर आहे : आई किंवा बाप यांपैकी एक सामाईक असेल तर 'हाफ ब्रदर', आणि आईवडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे नुसतं घर एक झालं असेल तर 'स्टेपब्रदर'.

आता लहानपण. 'माझं बालपण पुण्यात गेलं' याला 'आय ग्रू अप इन पुणे' हे सगळ्यात सहज. 'इन माय चाइल्डहुड' चूक नाही, पण बोलताना 'व्हेन आय वॉज लिटल' किंवा 'अॅज अ चाइल्ड' जास्त कानावर येतं. मूळ गाव सांगायला 'नेटिव्ह प्लेस' नको, 'माय फॅमिली इज ओरिजिनली फ्रॉम सातारा' म्हणा. शेंडेफळ असाल तर 'आय वॉज द बेबी ऑफ द फॅमिली.'

सगळ्यात महत्त्वाचं आपलं 'जायचो, खेळायचो, भांडायचो'. मराठीत आठवणी याच रूपात येतात. नुसत्या 'वी वेंट'ने ती रोजची, दर सुट्टीतली सवय नीट उतरत नाही. तिथे 'यूज्ड टु' हवं. एकदा 'यूज्ड टु'ने सुरुवात केली की पुढच्या वाक्यांत 'वुड' वापरता येतो, आणि इंग्रजी बोलणारे तो भरपूर वापरतात. मात्र 'वुड' फक्त क्रियेला लावायचा, स्थितीला नाही. अंगणात विहीर होती, याला 'देअर यूज्ड टु बी अ वेल' चालेल, 'देअर वुड बी अ वेल' इथे बसणार नाही. मामाकडे सायकल होती, तिथेही 'हॅड' किंवा 'यूज्ड टु हॅव'च.

'आजोळ'ला एका शब्दाचा आग्रह धरू नका. 'माय मदर्स पेरेंट्स' हाऊस' म्हणा, कोणालाही कळेल. आजीआजोबांसाठी 'मॅटर्नल ग्रँडपेरेंट्स' बरोबर आहे, पण ते फॉर्म भरताना, गप्पांत नाही. 'माहेर' हा शब्दही 'मातृगृह'वरून आला, म्हणजे आईचं घरच. तेव्हा आजोळ उलगडून सांगताना तुम्ही मराठीपासून फार लांब जात नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं मिळतात. माझं आजोळ वाईचं, म्हणून मी असं काही बोललो असतो. तुम्ही गाव आणि माणसं आपली घाला : 'एव्हरी समर वी यूज्ड टु टेक द बस फ्रॉम स्वारगेट टु वाई, टु माय मदर्स पेरेंट्स' हाऊस. ऑल माय कझिन्स वुड गॅदर देअर. वी वुड स्विम इन द कृष्णा ऑल मॉर्निंग, अँड माय ग्रँडमदर वुड कम डाउन टु द घाट टु कॉल अस फॉर लंच.' यातला 'घाट' तसाच ठेवा. कोणी विचारलंच, तर पायऱ्या कशा नदीत उतरतात ते सांगा. तेवढंच आणखी अर्धं मिनिट तुमचं बोलणं सुरू राहील.