मेकॅनिकांचे ऑनलाइन प्रशिक्षण : व्हिडिओच्या पुढे काय?

प्रश्न : आमच्या संस्थेने मोटार दुरुस्तीचे ऑनलाइन धडे तयार केले आहेत. मुले व्हिडिओ पाहतात, चाचणीत पूर्ण गुण मिळवतात, पण प्रत्यक्ष गाडीपुढे अडतात. काय बदलावे?

उत्तर : धडा सुट्या भागाच्या नावापासून नव्हे, तर ग्राहकाच्या तक्रारीपासून सुरू करावा. ‘सकाळी गाडी स्टार्ट होत नाही’ एवढेच सांगून पडद्यावर मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे उपकरण) द्यावा आणि त्याच्या तारा कुठे टेकवायच्या, हे शिकणाऱ्यालाच ठरवू द्यावे. बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले की बहुतेक जण तिला निर्दोष ठरवून मोकळे होतात. पण स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरवताना तोच आकडा 9.6 च्या खाली घसरला, तर बॅटरीवर संशय घ्यायला हवा, आणि आकडा टिकूनही स्टार्टर रेंगाळत असेल, तर स्टार्टर फिरत असतानाच बॅटरीचे ऋण टोक व इंजिन यांच्यामध्ये मीटर लावून अर्थिंगची गंजलेली जोडणी शोधावी लागते. चुकीचा भाग निवडल्यास लाल शेरा देऊ नये (तो कुणाच्या लक्षात राहतो?), भाग बदलला, बिल वाढले आणि गाडी तशीच बंद, हे दाखवावे. धडे मोबाइलवर चालणारे, छोटे असावेत. नटबोल्ट आवळण्याचा सराव मात्र वर्कशॉपमध्येच, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना) हातात देऊन घ्यावा.