आईच्या कानामागची गाठ काढली, आता चालताना झोक जातो. डोळ्यांवर लावून आभासी दृश्यं दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटने तोल सुधारेल का?

मदत होऊ शकते, पण नेहमीच्या व्यायामांना जोड म्हणून. गाठ व्हेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजे आतल्या कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेवरची गाठ, असेल तर ती कर्करोगाची नसते. ती काढताना त्या बाजूची तोलाची नस बहुधा कापावी लागते आणि ती परत जुळत नाही. मग मेंदूच दुसऱ्या कानावर, डोळ्यांवर, तळपायांच्या जाणिवेवर भिस्त ठेवायला शिकतो. याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि थोडी चक्कर आणणारी हालचाल केल्याशिवाय तो शिकतच नाही. नेहमीच्या व्यायामांत अक्षरावर नजर रोखून मान फिरवायची असते, ती त्यासाठीच. हेडसेटमध्ये बाजारातली गर्दी, सरकता जिना असं सगळं खोलीतच, झेपेल तसं वाढवत नेता येतं. सुरुवातीला मळमळेल. फिजिओथेरपिस्ट शेजारी नसताना उभ्याने लावू देऊ नका. आणि चक्करच्या भीतीने आईंना दिवसभर झोपवून ठेवू नका, कृपया.