तापमान शून्याच्या आसपास आणि रिमझिम पाऊस: ट्रक घेऊन निघावं का?

तुमचा प्रश्न असा: पहाटे भरलेला ट्रेलर घेऊन निघायचंय, तापमान शून्याच्या आसपास आहे, बर्फ नाही, नुसती रिमझिम आहे, आणि डिस्पॅचर, म्हणजे ऑफिसात बसून गाड्या पाठवणारा, म्हणतोय, "एवढ्याशा पावसाला काय घाबरायचं?" मी तुमच्या जागी असतो तर पहाटे निघालो नसतो. अर्धा फूट बर्फ पडणार असता तर कदाचित निघालोही असतो.

नवीन ड्रायव्हर बर्फ किती इंच पडणार हे बघतात. मी आधी तापमान बघतो आणि वरून नेमकं काय पडतंय ते बघतो. उणे पंधरा-वीसला रस्त्यावरचा बर्फ कडक आणि कोरडा असतो. त्यावर टायरला थोडीफार पकड मिळते आणि सावकाश का होईना, गाडी नेता येते. शून्याच्या जवळ मात्र बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि पकड जवळजवळ संपते. त्यातून पाऊस पडता पडता रस्त्यावर गोठत असेल, तर चांगले टायर आणि वीस वर्षांचा अनुभव दोन्ही कामाला येत नाहीत. 11 फेब्रुवारी 2021 ला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला हायवेवर 130 च्या वर गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि 6 जण गेले. तिथे हिमवादळ नव्हतं. पहाटेची वेळ, गोठणारी रिमझिम आणि जमिनीपासून उचललेला रस्ता, एवढंच होतं.

फोनवरच्या तापमानावर विसंबू नका. तो आकडा हवेचा असतो, रस्त्याचा नाही. निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा जास्त थंड होतो आणि सगळ्यात थंड वेळ सूर्योदयाच्या आसपासची. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, म्हणून पूल आधी गोठतो. मधला रस्ता नुसता ओला असतो, पुलावर काच झालेली असते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलंय, एवढ्यावरही निश्चिंत होऊ नका. साधं मीठ उणे नऊच्या खाली फारसं चालत नाही आणि पाऊस चालू असेल तर धुऊन जातं.

निघण्याआधी मी आरशाच्या दांडीवर, पुढच्या बाजूने, बोट फिरवतो. तिथे गुळगुळीत पापुद्रा लागला तर रस्त्यावरही तोच आहे असं मी धरून चालतो. वाटेत असाल तर पुढच्या गाडीच्या चाकांमागे बघा. रस्ता ओला दिसतोय आणि चाकांमागे पाणी उडणं बंद झालंय, म्हणजे ते पाणी राहिलेलं नाही, बर्फ झालाय. तेव्हा जोरात ब्रेक मारू नका आणि इंजिन ब्रेक (इंजिनच्या जोरावर वेग कमी करणारा) आणि क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) दोन्ही बंद ठेवा. इंजिन ब्रेकने मागची ओढणारी चाकं अडतात, घसरतात आणि ट्रेलर पुढे येऊन गाडी दुमडते. येताना ट्रेलर रिकामा असेल तर जास्तच जपा. चाकांवर वजन नाही आणि वाऱ्याला सगळी बाजू मोकळी.

आणखी एक गोष्ट मी निघण्याआधी बघतो: पुढे थांबायला जागा कुठे आहे? दर तासाभराच्या अंतरावर ट्रेलर लावता येईल असं ठिकाण असेल तर निर्णय वाटेत बदलता येतो. नसेल, तर निघतानाच तो पक्का झाला असं समजा. खांद्यावर, म्हणजे रस्त्याच्या कडेला, थांबणं हा उपाय नाही. मागून घसरत येणारा दुसरा ट्रक तुम्हालाच येऊन धडकतो.

आता डिस्पॅचरचं. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. त्याच्या खिडकीतून तुमचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे हा निर्णय त्याचा नाही, तुमचा आहे. अमेरिकेत चालवत असाल तर संघीय नियम 392.14 तुमच्या बाजूने आहे: परिस्थिती पुरेशी धोकादायक झाली तर गाडी थांबवायची आणि सुरक्षित होईपर्यंत पुढे न्यायची नाही. सुरक्षिततेच्या कारणावरून नकार दिलेल्या ड्रायव्हरवर सूड उगवायलाही कायद्याने बंदी आहे आणि तसं झालं तर 180 दिवसांत ओशाकडे (OSHA, कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) तक्रार करता येते. म्हणून फोनवर वाद घालत बसू नका, मेसेज करा: "गोठणारा पाऊस चालू आहे, रस्ता सुरक्षित नाही, मी अमुक ठिकाणी थांबलोय, दहा वाजता पुन्हा बघून कळवतो." वेळ आणि जागा लिहा, आरशावरच्या बर्फाचा फोटो जोडा. माल उशिरा पोहोचेल, गिऱ्हाईक कुरकुर करेल, ते निस्तरता येतं.

दहाला पाऊस थांबलेला असेल, पारा शून्याच्या बराच वर गेला असेल आणि मिठाची गाडी फिरून गेली असेल तर निघा. निघताना ट्रेलरची सगळी चाकं फिरतायत ना, तेवढं आरशात बघा. ओले ब्रेक रात्रीत गोठून धरून ठेवतात.